पैनगंगेच्या काठी पोवळ्याचा हट्ट

आदिलाबादपासून समुद्र कुठल्याही बाजूने जवळ नाही. पूर्वेला मछलीपट्टणम घ्या, सरळ रेषेत मोजले तरी पावणेपाचशे किलोमीटर. पश्चिमेला मुंबई घ्या, सहाशेच्या आसपास. आपल्याकडचे पाणी मात्र न चुकता समुद्राला जाते. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. जैनथ-बेल्याच्या कापसाच्या रानात पडलेला पाऊस तिकडे पोचतो, आपण बहुतेक जण पोचत नाही. तिरुपती, पंढरपूर, शिर्डी सगळे केलेली, पण समुद्र फक्त सिनेमात पाहिलेली माणसे आपल्या गावात गल्लोगल्ली सापडतील.

तरीही समुद्राची एक वस्तू आपल्या घराघरांत आहे. ती म्हणजे पोवळे. आमच्या शेजारच्या तेलुगू कुटुंबातल्या सुनेच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांबरोबर लाल पोवळी ओवलेली आहेत; त्या त्यांना ‘पगडालु’ म्हणतात. आपल्याकडे मंगळ कडक निघाला की ज्योतिषी पोवळ्याची अंगठी सांगतो. आयुर्वेदिक दुकानात प्रवाळपिष्टीची बाटली असते. हे दागिन्यातले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते आणि त्याचा आपल्याकडचा व्यापार फार जुना आहे. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे, की आपल्याकडे मोत्याला जे मोल, ते हिंदुस्थानात पोवळ्याला. त्याच काळात भडोच बंदरात पोवळे उतरत असे, आणि त्या बंदराचा व्यापार गोदाकाठच्या पैठणपर्यंत जोडलेला होता.

पण पोवळे म्हणजे एका जिवंत प्राण्याच्या वसाहतीचा सांगाडा, हे आमच्या घरात पहिल्यांदा कळले ते माझ्या पुतणीमुळे. ती नववीत आहे. तिने एक दिवस जाहीर केले, की आपल्याला हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी हवी आणि त्यात जिवंत प्रवाळ हवेत. आमची आई, म्हणजे तिची आजी, शांतपणे म्हणाली, “अगं, पोवळं अंगावर घालतात. पाण्यात ठेवून काय करणार?”

न्यू जर्सीची टाकी

या हट्टाचे मूळ न्यू जर्सीत होते. माझा मावसभाऊ तिथे वीस वर्षे राहतो. त्याच्या दिवाणखान्यात शंभर-सव्वाशे लिटरची टाकी आहे आणि व्हिडिओ कॉलवर त्याने ती पोरीला दाखवली. निळ्या प्रकाशात हलणारी हिरवी, जांभळी, नारिंगी बोटे बघून ती वेडावली. तिकडे प्रवाळांची कलमे मिळतात. एका वसाहतीचा छोटा तुकडा कापून खडीच्या चकतीवर चिकटवतात आणि तो वाढवून विकतात. गुलाबाचे कलम करावे तसेच.

पुतणीने त्याला वही-पेन घेऊन तासभर विचारले, की नवख्याने सुरुवात कशाने करावी. त्याने जे सांगितले ते इथे देतो, कारण परदेशात मुले-नातवंडे असलेली बरीच घरे आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, सुरुवातीचे चार ते सहा आठवडे टाकीत प्रवाळ घालायचाच नाही. पाणी, वाळू, खडक आणि पंप एवढेच चालू ठेवायचे. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू खडकावर बसायला एवढा काळ लागतो. दुसरी गोष्ट, पाण्याचा खारटपणा. एका लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे साठ लिटरच्या टाकीला दोन किलोंहून थोडे जास्त. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेले खास मिश्रण लागते. पाणी उडून जाते पण मीठ मागे राहते, म्हणून रोजची तूट गोड्या, शुद्ध पाण्याने भरायची.

मग प्रवाळांची निवड. दगडी सांगाडा बांधणारे आणि मऊ अंगाचे असे दोन ढोबळ गट धरले तर नवख्याने मऊ गटापासून सुरुवात करावी. त्यांना मोठा सांगाडा बांधायचा नसतो, त्यामुळे पाण्यातले कॅल्शियम थोडे कमी-जास्त झाले तरी ते तग धरतात. ‘मशरूम’ नावाचा प्रवाळ सगळ्यांत सोशीक. मंद प्रकाश आणि संथ पाणी त्याला पुरते. ‘लेदर’ म्हणजे चामड्यासारखा प्रवाळ अधूनमधून आठवडाभर मिटून बसतो, अंगावर मेणचट पापुद्रा येतो आणि मग तो टाकून पुन्हा फुलतो. नवखी माणसे तो मेला समजून फेकून देतात. ‘झेनिया’ची बोटे मुठी मिटाव्या-उघडाव्या तशी सतत हलतात, दिसायला फार गोड, पण एकदा लागला की गाजरगवतासारखा पसरतो. म्हणून तो वेगळ्या दगडावर, बाकीच्यांपासून लांब ठेवायचा. ‘झोअँथिड’ म्हणजे रंगीत बटणांची रांगोळीच, सोपाही आहे, पण त्याच्या काही जातींत जबर विष असते. तो हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवा, आणि त्याचा दगड कधीही गरम पाण्याने धुवायचा नाही, कारण वाफेबरोबर विष श्वासात जाऊन माणसे दवाखान्यात पोचलेली आहेत. हे त्याने तीनदा बजावले. फांद्याफांद्यांचा ‘अ‍ॅक्रोपोरा’ फोटोत सगळ्यांत सुंदर दिसतो; त्याच्या वाटेला पहिले वर्षभर जायचेच नाही.

आणि शेवटचे, शेजार. प्रवाळ एकमेकांना डसतात. काही जाती रात्री लांब सोंडा सोडून शेजाऱ्याला जाळतात. दोघांत वीतभर अंतर ठेवावे. “म्हणजे वाड्यातल्या भाऊबंदांसारखंच,” आमची आई म्हणाली.

आदिलाबादचे ऊन आणि थंडी

वही भरली. आता ती इथे लागू करायची होती.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्याचाच. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसरा अंश जास्त चढले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढराफटक होतो आणि वेळेत पाणी थंड झाले नाही तर उपाशी मरतो. टाकीतल्या प्रवाळाला साधारण २४ ते २६ अंश तापमान लागते, आणि तेही स्थिर.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. डिसेंबर-जानेवारीत जिल्ह्यातल्या काही मंडलांत तो ५ च्या खालीही उतरतो. म्हणजे उन्हाळ्यात पाणी गार करणारे यंत्र आणि हिवाळ्यात गरम करणारे, अशी दोन्ही हवीत. टाकी जितकी लहान तितके पाणी लवकर तापते आणि लवकर निवते. लहान टाकी सोपी असेल असे नवख्याला वाटते. खाऱ्या पाण्यात उलटे असते. शिवाय वीज गेली की पंप थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू कमी होत जातो. त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर. बोअरच्या जड पाण्यासाठी शुद्धीकरणाचे यंत्र. पुतणीच्या वडिलांनी बेरीज केली आणि आकडा बघून वही मिटली. “एवढ्यात दोन एकरांचं बी-खत होतं,” एवढेच म्हणाले.

पोरीने हट्ट सोडला नाही. मोठ्या शहरातल्या एका दुकानाचा नंबर तिने मिळवला होता. मी फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, “सॉफ्ट कोरल देतो, पार्सलने येईल, काही प्रॉब्लेम नाही.” त्याच्या ‘काही प्रॉब्लेम नाही’नेच मला शंका आली आणि आम्ही कायदा बघायला बसलो.

वाघाच्या पंक्तीला

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली प्रवाळांची भर पडली. खडक बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ‘ऑर्गन पाइप’ प्रवाळ, ‘फायर कोरल’ आणि सगळे समुद्रपंखे. २०२२ च्या दुरुस्तीत परिशिष्टे नव्याने मांडली गेली, तरी प्रवाळ पहिल्याच परिशिष्टात राहिले. वाघाचेही नाव त्याच परिशिष्टात आहे. टिपेश्वरच्या जंगलातून पैनगंगा ओलांडून भीमपूर मंडलात उतरणाऱ्या वाघाच्या बातम्या आपण वाचतो. मुठीएवढा दगडी प्रवाळ कायद्याच्या नजरेत त्याच्या पंक्तीला बसतो. अशा प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. संरक्षण फक्त जिवंत प्राण्याला नाही, त्याच्या अवशेषांनाही आहे. किनाऱ्यावरून उचलून आणलेला पांढरा सांगाडा शोकेसमध्ये ठेवणेही त्यात आले.

मग दुकानदाराचे ‘सॉफ्ट कोरल’? मशरूम, झेनिया, लेदर यांची नावे २००१ च्या यादीत नव्हती, हे खरे. पण हे प्रवाळ हवेत वाढत नाहीत. ते दगडासकट विकले जातात आणि तो दगड बहुतेक वेळा जुन्या दगडी प्रवाळाचाच सांगाडा असतो. तो कुठल्या समुद्रातून, कुणाच्या परवानगीने निघाला, याचा कागद त्या माणसाकडे नव्हता. त्याने विषय बदलला. मी फोन ठेवला.

कायदा किती गंभीरपणे घेतला जातो याचे उदाहरण मुंबईचे आहे. किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळांच्या १८ वसाहती आढळल्या. त्या हलवायला खुद्द महापालिकेला वन्यजीव खात्याची परवानगी काढावी लागली, आणि २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्या दुसरीकडे नेऊन बसवल्या. एवढ्या मोठ्या संस्थेला जे परवानगीशिवाय करता येत नाही, ते आपण पार्सलने कसे करायचे?

पुतणी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “काका, इथे आणता येत नाही तर मला तिथे नेता येईल का?” या प्रश्नाला नाही म्हणण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

नंदीग्रामने मालवण

आदिलाबादहून मुंबईला जाणारी आपली जुनी सोबतीण म्हणजे नंदीग्राम एक्स्प्रेस. किनवट, हिमायतनगर, भोकर, मुदखेड, नांदेड करत ती रात्रभर मराठवाडा ओलांडते. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबाद जिल्ह्यातच होते. किनवट स्टेशन आले की आमच्या आईला अजून परराज्यात आल्यासारखे वाटत नाही. मुंबईला उतरून कोकण रेल्वे धरली आणि कुडाळला उतरलो. तिथून मालवण तीसेक किलोमीटर. काळ्या मातीच्या माणसाला ती लाल वाट, जांभा दगडाचे गडगे आणि नारळीची सावली बघून डोळे निवल्यासारखे होतात.

मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय दाखवावे असे आधी मनात होते. १९५१ पासून पिढ्यान्पिढ्यांनी तिथे पहिला समुद्री मासा पाहिला. पण कोविडच्या काळात ते बंद झाले, त्यामुळे तो बेत सोडला आणि सरळ खऱ्या पाण्याकडे गेलो.

मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला बांधायला शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरुवात केली. किल्ला सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या तटाखालचे पाणी कमी जणांना माहीत असते. १९८७ मध्ये इथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडे वर, आणि त्याचा गाभा किल्ला, पद्मगड आणि आसपासच्या खडकांचा. मासेमारीवर बंधने येतील म्हणून स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोधही बराच केला. दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत. जंगलाकाठी राहणाऱ्या आपल्या लोकांनाही हा प्रश्न नवा नाही.

आम्ही जानेवारीत गेलो होतो. सकाळी ओहोटीच्या वेळी होडीवाल्याने किल्ल्याजवळ नेले, तोंडाला नळी आणि डोळ्यांना चष्मा लावून दिला. नववीतली मुलगी धीटपणे उतरली. मी कमरेला हवेचे टायर बांधून, होडीची दोरी घट्ट धरून मान खाली घातली.

खरे सांगायचे तर पहिल्यांदा काहीच दिसले नाही. हिरवट, किंचित गढूळ पाणी. मग नजर सरावली. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे समोरून गेले. खाली खडक, आणि खडकावर तपकिरी, फिकट हिरवे, उशीसारखे फुगलेले उंचवटे. न्यू जर्सीच्या टाकीतला निळा दिवा इथे नव्हता. जांभळी बोटे नव्हती. पुतणी वर येऊन म्हणाली, “एवढेच?”

होडीवाला हसला. त्याने बोटाने एक उंचवटा दाखवला, साधारण घागरीच्या तोंडाएवढा. “हात लावू नको गो. जिवंत आसा ता.”

आम्ही पुन्हा खाली बघितले. जवळून त्या उंचवट्यावर हजारो बारीक टिकल्या दिसत होत्या. त्यातली प्रत्येक टिकली म्हणजे एक वेगळा प्राणी. असे गोलसर दगडी प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे तो उंचवटा पोरीच्या वयाचा तरी होताच. वर आल्यावर मी हा हिशेब सांगितला. ती काही बोलली नाही, पण पुढच्या वेळी पाण्यात गेली तेव्हा पाय खडकाला लागू नये म्हणून गुडघे पोटाशी घेऊन तरंगत होती.

शेजारच्या एका होडीतले पर्यटक माशांना पाव टाकत होते. मासे झुंबड करून येतात, फोटो छान निघतो. पण हेच मासे खडकावरचे शैवाल खाऊन प्रवाळासाठी जागा मोकळी ठेवतात. त्यांना पावाची सवय लावणे शहाणपणाचे नाही. दुसरा त्रास नांगराचा. प्रवाळावर नांगर पडला की वीस वर्षांची वाढ एका क्षणात फुटते. आमच्या होडीवाल्याने नांगर वाळूत टाकला होता, ते आम्ही मुद्दाम पाहिले आणि त्याला तसे सांगितलेही. त्याला बरे वाटले.

पाण्याची उष्णता मात्र कुणा होडीवाल्याच्या हातात नाही. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ अशी जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची तीन मोठी संकटे झाली. चौथे चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. मालवणच्या प्रवाळांतही असे पांढरे पडणे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० नंतरच्या दशकात नोंदवले आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, खोल समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे. तिथले प्रवाळ मालवणपेक्षा कितीतरी समृद्ध. तिथे आपल्यासारख्यांना सहज जाता येत नाही, आणि ते एका अर्थी बरेच आहे.

दुपारी जेवताना सोलकढीचा घोट घेऊन पुतणी म्हणाली, “टाकीत आणला असता तर एप्रिलपर्यंत तरी जगला असता का?” मी म्हटले, “एप्रिल कदाचित. मे नाही.”

चुनखडीची नदी

परत आल्यावर टाकीचा विषय संपेल असे वाटले होते. तो वेगळ्या अंगाने सुरू झाला.

आपल्या पैनगंगेच्या खोऱ्यात चुनखडीचा मोठा पट्टा आहे. आदिलाबादजवळ सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना त्याच चुनखडीवर उभा राहिला होता. तो बंद पडूनही आता बरीच वर्षे झाली. पलीकडे राजुरा-कोरपन्याकडचे सिमेंट कारखाने त्याच दगडावर चालतात. हा दगड शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा आहे, आणि तो समुद्राच्या तळाशी साचलेला आहे! आज जिथे कापूस आणि सोयाबीन उभे असते तिथे एके काळी समुद्र होता. तेव्हा प्रवाळ नव्हते. ते पृथ्वीवर यायला अजून निम्मा काळ जायचा होता. पण प्रवाळ ज्या पदार्थाने घर बांधतो, तोच कॅल्शियम कार्बोनेट या दगडात आहे.

पुतणीने त्याची परीक्षा घेतली. नदीकाठचा करडा दगड, अंड्याचे टरफल आणि फळ्यावरचा जुना खडू अशा तिन्हींवर व्हिनेगरचे थेंब टाकले. टरफल लगेच फसफसले. दगड आधी गप्प राहिला, कानशीने थोडी भुकटी पाडल्यावर तोही फसफसला. खडूवर मात्र काही झाले नाही, कारण आजकालचे बरेचसे खडू जिप्समचे असतात. तिने वहीत तिन्ही निकाल लिहिले.

आणि मग आम्ही टाकी आणली. साठ लिटरची, गोड्या पाण्याची. नवख्याने आदिलाबादेत काय निवडावे याचे आमच्यापुरते उत्तर असे निघाले.

तळाला धुतलेली नदीची वाळू. दोन-तीन गोटे, पण चुनखडीचे नको, कारण तो हळूहळू विरघळून आधीच जड असलेले पाणी आणखी जड करतो. व्हिनेगरची परीक्षा इथे कामाला आली. ओढ्यातले फितीसारखे लांब पाणगवत. नळाचे पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवून मग टाकीत, म्हणजे क्लोरीन उडून जाते. मासे आपल्याच पाण्यातले: अंगावर आडवी काळी रेघ असलेली रासबोरा आणि दोन काळ्या ठिपक्यांचा टिक्टो बार्ब. नदीवर जाळे टाकणाऱ्या भोई लोकांच्या जाळ्यात हे बोटाएवढे मासे येतात. बाजारात त्यांना भाव नाही. आम्हाला आठ मिळाले, तेवढेच पुरे. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचे, खाणे दोन मिनिटांत संपेल एवढेच टाकायचे, टाकी खिडकीच्या उन्हात ठेवायची नाही. गरम-गार करणारे यंत्र लागले नाही. आदिलाबादचा मे आणि आदिलाबादचा जानेवारी या माशांना जन्मापासून ठाऊक आहे. मरळाचे पिल्लू घालायचा मोह मात्र टाळा. तो तेलंगणाचा राज्यमासा खरा, पण बाकीच्यांना खाऊन टाकील. आणि दुकानातून आणलेले परदेशी मासे नकोसे झाले तर नदीत सोडू नका; नदीचे नुकसान होते.

न्यू जर्सीच्या काकाने व्हिडिओवर आमची टाकी पाहिली. त्याचे लहानपण आदिलाबादेतच गेले. रासबोरा दिसल्यावर तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, “अरे, हे तर आपण सातनाल्यात पंच्यात पकडायचो.” पुतणीने त्याला सगळ्या माशांची शास्त्रीय नावे ऐकवली.

ज्यांना मुलांना जिवंत प्रवाळ दाखवायचे आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. मालवणला ऑक्टोबर ते मे या काळात जावे. पावसाळ्यात पाण्यात उतरणे बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. सकाळची ओहोटी गाठावी आणि होडी ठरवतानाच नांगर कुठे टाकणार ते विचारावे. पोहता येत नसेल तर दुसरी जागा गुजरातेत आहे. जामनगरजवळ नरारा बेटावर ओहोटीला समुद्र मागे हटतो आणि घोट्याएवढ्या पाण्यातून चालत प्रवाळ बघता येतात. तो भाग कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो. आधी वनखात्याची परवानगी काढावी लागते. दोन्ही ठिकाणांहून काही उचलून आणायचे नाही, मेलेला तुकडासुद्धा नाही.

आमच्या आईने मालवणची हकिकत ऐकली, तेव्हा पेटीतली तिच्या आईची पोवळ्याची माळ काढून पुतणीच्या हातात दिली. नऊ मणी आहेत, एक फुटका. पुतणी भिंग घेऊन त्यावरच्या रेषा मोजते आहे. पुढच्या थंडीत नराऱ्याला जायचे ठरले आहे, आणि या वेळी आजीही येणार म्हणते.